हेडलाइटचा फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतो? जुन्या गाडीतला शॉर्ट शोधताना



विद्युत परिपथ हा पाठ आपण सगळेच शिकवतो. सेल, बल्ब, स्विच, दोन वायरी. फळ्यावर आकृती काढतो, मुलं वहीत उतरवून घेतात. मीही बारा वर्षं तेच करत आलो. पण शॉर्ट सर्किट म्हणजे नक्की काय, हे मला फळ्यासमोर कळलं नाही. ते कळलं कुंभार्ली घाटात, भर पावसात, मागच्या सीटवर बायको आणि दोन मुलं बसलेली असताना.

माझ्याकडे १९९९ सालची छोटी पेट्रोल गाडी आहे, सेकंडहँड घेतलेली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पंचवीस वर्षांनी वायरी सगळ्यांच्याच कडक होतात. तर कराडहून चिपळूणला परत येत होतो. पाटण गेलं, कोयनानगर मागे पडलं, अंधार झाला. घाट उतरायला लागलो आणि एका वळणावर समोरच्याला इशारा म्हणून अपर दिला, तर दोन्ही हेडलाइट एकदम गेले. काळोख. ब्रेक दाबून गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, तेव्हा माझे पाय थरथरत होते हे लपवत नाही.

फ्यूज उडाला होता. डब्यात एक जादा फ्यूज होता, तो लावला. लाइट लागले. पुढच्या वळणावर पुन्हा अपर दिला, पुन्हा काळोख. आता फ्यूज संपले. मागून येणारा एक टेम्पोवाला भला माणूस थांबला. त्याने सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली, उडालेल्या फ्यूजला गुंडाळली आणि म्हणाला, "घ्या सर, आता काय उडत नाय." लाइट लागले. मी त्याचे आभार मानले. मी विज्ञान शिकवतो, आणि तरीही आभार मानले!

दहा मिनिटं डिपरवर नीट चाललो. मग सवयीने एका वळणावर परत अपर दिला. या वेळी लाइट मंद झाले आणि स्टेअरिंगच्या खालून प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. मुलगी म्हणाली, "बाबा, धूर." मी हात मागे घेतला, हेडलाइट बंद केला, धूर थांबला. ती चांदी काढून खिडकीबाहेर फेकली. टेम्पोवाला पुढे आणि त्याच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत, पार्किंग लाइट लावून मी मागे, असे आम्ही पोफळीला उतरलो.

आता यातलं विज्ञान पाहू. ते कळलं की दुरुस्ती अर्धी झाली म्हणून समजा.

वर्गातल्या परिपथात बल्बला दोन वायरी असतात, एक जाणारी आणि एक परत येणारी. गाडीत परतीची वायर फार लांब नसते. बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, म्हणून सगळी बॉडीच परतीचा रस्ता असते. मेकॅनिक याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. सोय मोठी आहे, तांबं वाचतं. पण याचा दुसरा अर्थ असा की गाडीतली प्रत्येक धन वायर चारही बाजूंनी ऋण टोकाने वेढलेली आहे. मध्ये आहे ते फक्त मिलिमीटरभर प्लॅस्टिक. ते जिथे झिजेल तिथे वायर पत्र्याला टेकते आणि करंटला बल्बपर्यंत जाण्याची गरजच उरत नाही. तो जवळच्या वाटेने परत जातो. शॉर्ट म्हणजे हाच आखूड रस्ता.

थोडं गणित करू. हेडलाइटचा नेहमीचा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे अपरला ६० आणि डिपरला ५५ वॅट. बॅटरी १२ व्होल्टची. ६० भागिले १२ म्हणजे ५ अँपिअर, दोन बल्बचे १०. म्हणून माझ्या गाडीत दोन्ही हेडलाइटना मिळून १५ अँपिअरचा निळा फ्यूज आहे. थोडी सूट ठेवून १५.

आता समजा वायर मध्येच पत्र्याला टेकली आणि त्या आखूड रस्त्याचा सगळा मिळून रोध ०.१ ओहम आहे. १२ भागिले ०.१ म्हणजे १२० अँपिअर. उष्णता किती? १२ गुणिले १२०, म्हणजे १४४० वॅट. घरच्या इस्त्रीपेक्षा जास्त, आणि ती इस्त्री डॅशबोर्डच्या मागे, कापूस आणि फोमच्या शेजारी तापते आहे. गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवताना याहून जास्त करंट देते, त्यामुळे १२० अँपिअर तिला जड नाहीत. जड जातात ते वायरीला. फ्यूज असेल तर तो क्षणात वितळतो आणि खेळ संपतो. चांदी लावली तर वितळायला फ्यूज उरतच नाही, मग वितळते ती वायर.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतले मिस्त्री आले. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचे केस पांढरे झालेत. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी काळा पडलेला फ्यूज हातात धरला आणि म्हणाले, "गुरुजी, हा बिचारा दोनदा ओरडून सांगत होता. तुम्ही त्याच्या तोंडावर चांदी चिकटवलीत."

मग त्यांनी विचारलं, "उडाला तेव्हा तुम्ही काय करत होतात?" मी म्हणालो, गाडी चालवत होतो. ते हसले. "तसं नव्हे. डिपर होता की अपर?" तिन्ही वेळा अपर होता. घाटात तीनदा उत्तर समोर आलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. म्हणून तुम्हाला पहिली सूचना ही: बॉनेट उघडण्याआधी आठवा. फ्यूज स्विच लावल्यावर लगेच उडतो, की फक्त अपरला, की खड्ड्यात, की पावसात, की स्टेअरिंग वळवल्यावर? आणि एक साधा फरक लक्षात ठेवा. फ्यूज शाबूत आहे पण दिवा लागत नाही, तर तो शॉर्ट नव्हे. कुठेतरी वायर तुटली आहे, बल्ब गेला आहे किंवा अर्थ सुटला आहे. दिवे मंद किंवा विचित्र लागतात तेव्हाही बहुतेक वेळा अर्थ खराब असतो. फ्यूज उडतोय, तरच शॉर्टच्या मागे लागायचं.

लोक इथे चूक करतात ती अशी की फ्यूज बदलून बदलून बघतात. प्रत्येक वेळी एक फ्यूज जातो आणि माहिती काहीच मिळत नाही. मिस्त्रींनी फ्यूजच्या जागी चक्क एक बल्ब लावला. इंडिकेटरचा जुना २१ वॅटचा बल्ब, होल्डरला दोन वायरी आणि टोकांना पातळ पत्ती. फ्यूज काढला आणि त्या दोन खाचांत या दोन पत्त्या बसवल्या.

ही युक्ती मला इतकी आवडली की मी ती आता वर्गात शिकवतो. २१ भागिले १२ म्हणजे पावणेदोन अँपिअर. पुढे कितीही मोठा शॉर्ट असो, या बल्बमधून त्याहून जास्त करंट जाऊच शकत नाही. म्हणजे वायरी सुरक्षित. आणि शॉर्ट असेल तोवर बल्ब लख्ख पेटलेला राहतो. फ्यूज एकदा सांगून मरतो, हा बल्ब तासभर सांगत राहतो. तुम्ही वायर हलवली आणि बल्ब लुकलुकला, की जागा सापडली.

पण आधी एक काम करायचं. दोन्ही हेडलाइटच्या मागचे कपलर काढून ठेवायचे. का? हेडलाइटची फिलामेंट थंड असताना तिचा रोध फार कमी असतो. पेटलेल्या ६० वॅटच्या फिलामेंटचा रोध गणिताने २.४ ओहम येतो. थंड असताना तो साधारण त्याच्या दहावा-पंधरावा भाग. म्हणजे कपलर लावलेले असतील तर हेडलाइटमधूनच करंट जाऊन आपला तपासणीचा बल्ब पेटेल आणि शॉर्ट नसताना शॉर्ट वाटेल. मल्टिमीटरने ओहम मोजणारेही इथेच फसतात. बल्ब काढले नाहीत तर मीटर जवळपास शून्य दाखवतो आणि आपण चांगली वायर कापत बसतो. (मल्टिमीटर वापरणार असाल तर बॅटरीचं टोक सोडून मगच ओहम मोजा.)

आमच्या अंगणात मग असं झालं. कपलर काढले, फ्यूजच्या जागी बल्ब, हेडलाइटचा स्विच बंद. बल्ब पेटला नाही. म्हणजे फ्यूजपासून स्विचपर्यंतची वायर ठीक. स्विच लावला, डिपर. पेटला नाही. डिपरची वायर ठीक. अपर दिला आणि बल्ब भक्कन पेटला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री म्हणाले, "आता मीटरमध्ये बघा." अपर दिला की स्पीडोमीटरशेजारी एक छोटा निळा दिवा लागतो ना, तो लागला नव्हता. तो अपरच्याच वायरीवर असतो. वायर चांगली असती तर तो निळा दिवा लागला असता आणि आपला २१ वॅटचा बल्ब बंद राहिला असता, कारण त्या चिमुकल्या दिव्यातून जाणारा करंट मोठ्या बल्बला तापवायला पुरत नाही. इथे बरोबर उलटं होतं. म्हणजे शंकाच नको, अपरची वायर बॉडीला लागली आहे.

तीन मिनिटांत गाडीभरच्या वायरिंगमधून एक वायर उरली. वायरी सोलत बसण्यापेक्षा हे किती बरं! पाढे पाठ करण्यापेक्षा पाढा तयार करायला शिकवा, असं आपण म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

आता ती वायर कुठे टेकली? ती स्टेअरिंगखालच्या स्विचपासून निघते, डॅशबोर्डमागून बॉनेटच्या आत जाते आणि पुढे दोन फाटे फुटून डाव्या-उजव्या हेडलाइटला जाते. मध्ये जिथे कपलर आहे तिथे सोडायचं आणि बल्ब बघायचा. सोडल्यावर विझला तर दोष पुढच्या भागात, पेटलेलाच राहिला तर मागच्या भागात. आमचा विझला. पुन्हा जोडलं आणि मिस्त्री पुढच्या हार्नेसवरून, म्हणजे टेप गुंडाळलेल्या वायरींच्या जुडग्यावरून, हळूहळू दाबत, पिळत गेले. उजवीकडे काही नाही. डाव्या हेडलाइटमागे, बॅटरीच्या ट्रेजवळ हात गेला आणि बल्ब लुकलुकला. तिथे पत्र्याच्या भोकातून वायरी जात होत्या. भोकात रबरी वायसर असायला हवा, तो नव्हता. आधीच्या मालकाने कधीतरी मोठा हॉर्न बसवला होता, त्याची वायर घालायला कुणीतरी तो वायसर काढला आणि परत लावलाच नाही. पत्र्याची धार वर्षानुवर्षं वायरीला घासत होती. प्लॅस्टिक कापलं गेलं होतं, आतलं तांबं हिरवट झालं होतं आणि पत्र्यावर ठिणगीचा काळा ठिपका होता.

ठिपका लहान, तिळाएवढा. मी बराच वेळ बघत राहिलो.

तुमच्या गाडीत जागा वेगळी असेल, पण नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत. पत्र्यातून वायर जाते ती भोकं. बॅटरीखालचा भाग, तिथे आम्ल सांडून पत्रा आणि वायर दोन्ही खराब होतात. स्टेअरिंगखालचा स्विच, कारण तिथल्या वायरी रोज हलतात. पूर्वी ठोकर लागून डेंटिंग झालं असेल तर त्या कोपऱ्यातलं सगळं. उंदरांनी कुरतडलेलं असतं ते तर आपल्या कोकणात विचारूच नका. आणि सर्वांत जास्त, नंतर बसवलेल्या वस्तू: फॉग लाइट, हॉर्न, अलार्म. वायर सोलून पिळली, वर काळी टेप गुंडाळली, झालं काम. उन्हाळ्यात टेपचा चिकटा वितळतो आणि ती सुटते.

अजून एक प्रकार दिसतो. जास्त उजेडासाठी ६०/५५ च्या जागी १००/९० वॅटचे बल्ब टाकतात. अपरला दोन बल्बचे २०० वॅट, म्हणजे सोळा-सतरा अँपिअर. १५ चा फ्यूज उडतो. मग २५ किंवा ३० चा घालतात. यात शॉर्ट कुठेच नसतो, पण आधी होल्डर वितळतो, मग वायर मऊ पडते आणि शेवटी खरोखरचा शॉर्ट होतो. तुमच्या गाडीचा होल्डर तपकिरी आणि ठिसूळ झाला असेल तर आधी बल्बवरचा आकडा वाचा.

एक खुलासा करायला हवा, नाहीतर कुणीतरी फसेल. सगळ्या गाड्यांत स्विच धन बाजूला नसतो. बऱ्याच जुन्या जपानी धाटणीच्या गाड्यांत फ्यूजमधून करंट थेट बल्बला जातो आणि स्विच बल्बच्या नंतर, अर्थच्या बाजूला असतो. तिथे बल्बच्या आधीची वायर टेकली तर स्विच बंद असतानाही फ्यूज उडतो, आणि बल्बच्या नंतरची टेकली तर फ्यूज उडतच नाही, उलट दिवा स्विच न लावता पेटून राहतो. ओळखायचं कसं? हेडलाइटचा कपलर काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॉडीला लावा आणि दुसरं कपलरच्या पिनांना. चावी लावलेली पण हेडलाइटचा स्विच बंद असताना एखाद्या पिनेवर लॅम्प पेटला, तर स्विच अर्थच्या बाजूला आहे. मग वरचा तर्क त्याप्रमाणे बदलून घ्या.

दुरुस्ती तशी सोपी. सुरुवातीला बॅटरीचं ऋण टोक सोडायचं, शेवटी जोडायचंही तेच. कारण धन टोक आधी सोडायला गेलात आणि पाना चुकून पत्र्याला लागला, तर पान्यातूनच शॉर्ट होतो. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. मिस्त्रींनी हिरवं पडलेलं तांबं कापून टाकलं, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा डाग देऊन म्हणजे सोल्डर करून जोडला आणि त्यावर आधीच ओवून ठेवलेली हीट श्रिंक नळी गरम करून बसवली. नळी आधी ओवायची असते. मी नंतर एकदा स्वतः करताना विसरलो आणि सगळं उपटून परत केलं. मग भोकात नवा रबरी वायसर, वायरींना बांधणी आणि शेवटी फ्यूज, झाकणावर लिहिलाय त्याच आकड्याचा.

चांदीने तापलेली स्टेअरिंगखालची वायरही त्यांनी उघडून बघितली. हातभर वायर बदलावी लागली. माझी दहा मिनिटांची सोय तेवढ्याला पडली.

घाटात फ्यूज संपला तर काय करायचं, असं तुम्ही विचाराल. फ्यूजबॉक्समध्ये टेप किंवा लायटरसाठी त्याच आकड्याचा फ्यूज असतो, तो काढून लावायचा आणि ज्या गोष्टीने उडतो ती करायची नाही. मी अपर दिला नसता तर डिपरवर घरी पोचलो असतो. आकडा रंगावरून कळतो: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. कमी आकड्याचा लावला तर फार तर उडेल. मोठा लावायचा नाही.

हे सगळं जुन्या गाडीपुरतं बरं का. एअरबॅग आणि कॉम्प्युटर असलेल्या नव्या गाड्यांत असा टेस्ट लॅम्प घेऊन वायरी टोचत फिरू नका.

वर्गासाठी म्हणाल तर सहावी-सातवीला मी हे असं दाखवतो. दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि मध्ये फ्यूज म्हणून पॉलिशवाल्यांकडच्या बारीक स्टील वूलचा दोन सेंटीमीटरचा एकच तंतू. बल्ब लागतो. मग बल्बच्या दोन्ही टोकांना एक वायर आडवी टेकवायची. बल्ब विझतो आणि तंतू लाल होऊन तुटतो. प्रयोग स्टीलच्या ताटात, शिक्षकाने स्वतः करायचा, मुलांनी दोन हात लांब. गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर अजिबात नाही. नंतर तंतूच्या जागी दुसरा बल्ब लावून तीच वायर परत टेकवतो. पहिला विझतो, दुसरा जास्त उजेडाने पेटतो आणि काहीही जळत नाही. मागच्या वर्षी एक मुलगी लगेच म्हणाली, "गुरुजी, म्हणजे हा बल्ब करंटला अडवून पण ठेवतो आणि चुगली पण करतो." मी तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं.

तो २१ वॅटचा बल्ब मिस्त्रींनी मलाच देऊन टाकला. आता तो गाडीच्या कप्प्यात असतो, निळ्या फ्यूजच्या पाकिटाशेजारी.